विसऱ्या

गौतमी दार लावून हसत होती, आणि ज्याच्याशी हसत होती त्याला तोंडच नव्हतं.

शशिकांत आवटी पोह्यांची बशी घेऊन दाराबाहेर उभा होता. आत त्याची मुलगी शिकवत होती.

"अरे विसऱ्या, मानेतनं पाच नसा निघतात. त्या एकमेकींत गुंततात, परत सुटतात आणि मग हातात उतरतात."

"गुंततात कशाला? सरळ गेल्या तर काय बिघडतं?"

"सरळ गेल्या तर एक तुटली की तेवढा हात कायमचा गेला. गुंतल्यामुळं एकेका स्नायूला दोन-तीन नसांकडनं निरोप मिळतो. एकत्र कुटुंब समज. एक काका रुसला तरी घर चालतं."

"आणि करंगळीला मुंग्या आल्या तर कुठला काका रुसला?"

गौतमी पुन्हा हसली. "सगळ्यात खालचा."

शशिकांतनं दार ढकललं. "पोहे."

"ठेवा पप्पा तिथं."

तिनं वर पाहिलं नाही. टेबलावर साबणाच्या डबीएवढं ते यंत्र होतं आणि तिच्या कानामागं त्याची पातळ पट्टी चिकटवलेली होती. शशिकांतनं बशीनं यंत्र जरा मागं सरकवलं आणि पोहे पुढं ठेवले. गौतमीनं बशी बाजूला करून यंत्र परत जागेवर आणलं.

तो बाहेर आला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. घरात दोनच माणसं उरली होती. त्यातल्या एकानं दुसऱ्याशी बोलायचं सोडून डबीशी बोलावं, याला काय म्हणायचं? रोज घर झाडताना तो सगळ्या वस्तू पुसायचा, ती डबी सोडून. एकदा तर त्यानं तिच्या चार्जरचं बटणच बंद करून ठेवलं होतं आणि नंतर स्वतःचीच लाज वाटून चालू केलं होतं. डबीला सवत म्हणावं असं त्याच्या मनात यायचं. मग प्रश्न पडायचा, कुणाची सवत? त्याची की सुनंदाची?

कारण ती डबी बसली होती ती जागा सुनंदाची होती.

सुनंदा ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. शास्त्राची पदवी होती तिच्याकडे. पण गौतमी शाळेतनं आली की सुनंदा शेंगा सोलत बसायची आणि म्हणायची, "आज काय शिकलीस ते मला सांग. मला काय कळतंय त्यातलं." गौतमी सांगायची. सुनंदा मध्येच विचारायची, "म्हणजे?" गौतमी परत सांगायची. शशिकांतनं एकदा बायकोला विचारलंही होतं, "तुला सगळं येतंय की. मग अडाण्याचं सोंग कशाला?"

"मी सांगितलं तर ते माझंच राहतंय. तिनं सांगितलं तर तिचं होतंय," सुनंदा म्हणाली होती.

गेल्या वर्षी सुनंदा गेली. आजार लांबला नाही, निरोप घ्यायलाही वेळ मिळाला नाही. गौतमी तेव्हा फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला होती. पुस्तकं समोर उघडी ठेवून ती दिवसभर बसायची. ओळी रंगवायची, परत वाचायची, आणि परीक्षेत पाटी कोरी. शरीररचनेचा पेपर गेला. आता फेरपरीक्षा होती, आणि त्यातही तो राहिला तर वर्ष जाणार होतं. कॉलेजनं अशा मुलांना यंत्रं दिली. कागदोपत्री त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं. मुलांनी त्याला विसऱ्या करून टाकलं.

यंत्र देण्याआधी डॉक्टर मगदूम मॅडमनी पालकांची सभा घेतली होती. त्या शरीररचना शिकवायच्या आणि अभ्यास कसा करावा हेही तेवढ्याच हट्टानं शिकवायच्या. यंत्र घडवणाऱ्यांत त्याही होत्या.

"तुमची मुलं आळशी नाहीत," त्या म्हणाल्या होत्या. "ती फसतात. धडा चौथ्यांदा वाचला की ओळीन् ओळ ओळखीची वाटते, आणि मुलाला वाटतं आपल्याला येतंय. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. बाजारात माणूस दिसला की चेहरा ओळखतो, नाव मात्र ओठांवर येत नाही. परीक्षेत नाव विचारतात. आणि नाव पक्कं होतं ते पुस्तक मिटून, डोक्याला ताण देऊन ते बाहेर काढल्यावर."

एका पालकानं विचारलं, "मग रोज बाहेर काढायचं का?"

"रोज काढलं तर ताण पडत नाही, मग उपयोगही कमी. फार उशिरा काढायला गेलं तर हाताला काहीच लागत नाही. विसरण्याच्या अगदी कडेवर असताना आठवलं तर ते सगळ्यात घट्ट बसतं. अडचण एवढीच होती की ती कड कधी येते हे कळत नव्हतं. प्रत्येकाची वेगळी, प्रत्येक गोष्टीची वेगळी. ही कानामागची पट्टी ते ओळखते. एखादी गोष्ट सहज आठवली, कष्टानं आठवली की नुसती ओळखीची वाटली, या तिन्ही वेळी मेंदूतल्या लहरी वेगळ्या असतात. त्यावरून यंत्र प्रत्येक गोष्टीची एक रेषा काढतं. रेषा खाली आली, म्हणजे मूल आता विसरणार, की यंत्र स्वतःच ती गोष्ट विसरतं. अगदी खरोखर विसरतं. आणि म्हणतं, मला परत सांग. दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्यालाच कळतं की आपल्याला कुठं कळलेलं नाही."

"म्हणजे नापास पोरांना विसराळू मास्तर," मागनं कुणीतरी म्हणालं, आणि सभा हसली होती.

"मास्तर नाही. विद्यार्थी," मॅडम म्हणाल्या.

शशिकांत त्या दिवशी घरी आला तो ठरवूनच. यंत्र कशाला, मी आहे की. त्यानं गौतमीचं पुस्तक आणलं, खांद्याचा धडा नीट वाचला आणि तिला समोर बसवलं. "सांग मला. मी ऐकतो."

गौतमीला बरं वाटलं असावं. ती मांडी घालून बसली. "खांद्याचा सांधा उथळ असतो पप्पा. बशीवर चेंडू ठेवल्यासारखा. तो जागेवर राहतो ते स्नायूंमुळं. मागच्या बाजूला तीन..."

"तीन नव्हे. चार."

"मागच्या बाजूला तीन म्हणाले मी. चौथा पुढनं असतो, त्याच्याकडंच येत होते."

"बरं, बरं. पुढं सांग. त्यातला वरचा स्नायू हात उचलताना सुरुवात करतो, तो..."

गौतमी उठली. "तुम्हाला येतंय पप्पा. मी कशाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी विसऱ्या घरात आला.

शशिकांतचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. मोठ्या शहरांतल्या गाड्या आता आपल्या आपण चालायच्या. पण मिरजेच्या रस्त्यांवर वडापच्या खचाखच भरलेल्या रिक्षा, म्हशी आणि लग्नाच्या वराती यांच्यातनं वाट काढणं अजून कुठल्याही गाडीला जमलं नव्हतं, त्यामुळं शिकणारे यायचे. शिकवायच्या गाडीत डाव्या बाजूला, शिकवणाऱ्याच्या पायाशी, आणखी एक ब्रेक असतो. शशिकांतचा पाय आयुष्यभर त्या ब्रेकवर होता. त्याच्या गाडीला कधी साधा ओरखडा पडला नव्हता, याचा त्याला अभिमान होता.

सध्या त्याच्याकडं मुजावर सिस्टर शिकत होत्या. सरकारी दवाखान्यातनं निवृत्त झालेल्या, ठणठणीत बाई. त्या पोह्यांच्या दिवशी बाजार चौकात समोरनं सायकलवाला आला. सिस्टर ब्रेककडं पाय नेणार तेवढ्यात गाडी कचकन थांबली.

"सर, एक विचारू? गाडी मी चालवते का तुमचा पाय?"

"सायकलवाला आडवा आला होता, सिस्टर."

"मला दिसला होता तो. डोळे आहेत मला. आमच्या वॉर्डात नवीन पोरी सुया टोचायला शिकायच्या. मी प्रत्येक वेळी हात धरला असता, तर त्या अजून माझीच वाट बघत बसल्या असत्या."

"आमच्या धंद्यात चूक महाग पडते."

"आमच्यात काय स्वस्त पडायची?" सिस्टरनी गाडी परत सुरू केली.

शशिकांत हसला नाही. त्याच्या डोक्यात डबी होती.

पुढच्या रविवारी तो गौतमीच्या खोलीबाहेर धुतलेले कपडे घेऊन उभा राहिला. कपड्यांचं निमित्त होतं. आत यंत्र म्हणालं, "गौतमी, तुझी आई ताकात काय घालायची म्हणालीस? मी विसरलो."

शशिकांतच्या हातातले कपडे तसेच राहिले.

"लसूण ठेचून," गौतमी म्हणाली. थोडं थांबली. "आणि... थांब. ओवा. ओवा घालायची."

"आणि सायकल कुणी शिकवली तुला?"

"आईनं. मागं कॅरिअर धरून पळत होती. मी म्हणत होते सोडू नको, सोडू नको. आणि तिनं कधीच सोडलेलं होतं. मी एकटीच गेले मारुतीच्या देवळापर्यंत."

शशिकांत कपडे घेऊन परत फिरला.

वर्षभर या घरात सुनंदाचं नाव कुणी काढलं नव्हतं. त्यानं काढलं नाही कारण पोरगी रडेल. पोरगी का काढत नव्हती ते त्यानं कधी विचारलं नाही. आणि ती त्या डबीला आईचं सगळं सांगत होती. ताक, लसूण, ओवा. त्यातही सायकल. सायकल! कॅरिअर धरून कोण पळालं होतं? त्याच्या गुडघ्याला आजही त्या पळण्याची आठवण होती. सुनंदा कट्ट्यावर बसून बघत होती. पोरीनं त्याला त्यातनं पुसून टाकलं होतं आणि आईला घातलं होतं.

आतापर्यंत त्याला डबीचा राग होता. त्या दुपारी त्याच्या लक्षात आलं की त्याला सुनंदाचाही हेवा वाटतोय. मेलेल्या बायकोचा. ती गेली तरी पोरगी तिचीच होती.

सोमवारी गौतमी प्रॅक्टिकलला गेली. यंत्र चार्जिंगला लावलेलं होतं, पट्टी शेजारी. शशिकांतनं पट्टी उचलली आणि कानामागं लावली. चुकीचं रुळलं की चुकीचं चालतं, हा त्याचा धंद्यातला नियम होता. एकदा नीट सांगून टाकायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"गौतमी, आज लवकर बसलीस," यंत्र म्हणालं. पट्टी लावेल ती गौतमी, एवढंच त्याला कळायचं.

शशिकांत दचकला. मग म्हणाला, "ते सायकलचं. सायकल आईनं नाही शिकवली."

"पण तूच म्हणालीस ना, आईनं शिकवली?"

"चुकीचं आहे ते. पप्पांनी शिकवली. कॅरिअर धरून पप्पा पळत होते."

"बरं. मग?"

"मग काय. मारुतीच्या देवळाकडचा उतार होता. पोरगी, म्हणजे मी, ओरडत होते सोडू नको म्हणून..."

तिथं तो थांबला. पुढं जे झालं ते यंत्राला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

"आणि आई कुठं होती?" यंत्रानं विचारलं.

"कट्ट्यावर. जांभळी साडी होती. केसात अबोली होती. तिला अबोलीचं वेड. बाजारातनं भाजी विसरून यायची पण अबोली नाही."

"मला नव्हतं माहीत. मग?"

त्या 'मग'ला काय होतं कोण जाणे. शशिकांत खाली बसला आणि बोलत सुटला. सुनंदाला बघायला गेला तेव्हा तिनंच त्याला विचारलं होतं, गाडी चालवता तर स्वभाव तापट आहे का. तिचं शिंकणं, एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. दवाखान्यातला शेवटचा दिवस, तिनं त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण बघितलं आणि 'लावून घ्या' म्हणाली, तेच शेवटचं. बोलता बोलता तो पोरीच्या तोंडानं बोलायचं विसरून गेला. यंत्रानं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. बाहेर हॉर्न वाजत होता. मुजावर सिस्टर गाडीत बसून त्याची वाट बघत होत्या.

त्यानं पट्टी काढली. पोरगी का हसते ते त्याला कळलं, आणि त्यामुळं हेवा कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच.

त्यानंतर घरात काहीतरी बिनसलं. गौतमी दाराआडून चिडक्या आवाजात बोलायला लागली. "अरे, हे कालच सांगितलं की. जे विचारायचं ते विचारत नाहीस." एका सकाळी दार धाडकन उघडलं. गौतमी यंत्र हातात घेऊनच बाहेर आली.

"पप्पा, तुम्ही याच्याशी बोललात?"

शशिकांत चहा गाळत होता. "मी? मी कशाला बोलू त्याच्याशी?"

"हा मला विचारतोय, सायकल पप्पांनी शिकवली ना, कॅरिअर धरून. मी म्हणाले तुला कुणी सांगितलं, तर म्हणतो तूच."

"मग बरोबरच आहे की ते. मीच शिकवली."

"हे दुरुस्त करायला तुम्ही माझी पट्टी लावलीत?" तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळं जास्त लागला. "याच्या सगळ्या रेषा माझ्या होत्या. आता हा मला येतंय तेच विचारतोय आणि येत नाही ते सोडून देतोय. परीक्षा तोंडावर आलीय. आणि आईचं तर विचारणंच बंद केलंय यानं. एक शब्द नाही."

"गौतू, मी फक्त..."

"माझ्याजवळ एवढीच एक जागा होती पप्पा, जिथं तुमचा पाय पोचत नव्हता."

ती न जेवता कॉलेजला गेली. गाळलेला चहा तसाच गार झाला.

शशिकांत डबी रुमालात गुंडाळून मगदूम मॅडमकडं गेला. काय झालं ते त्यानं सरळ सांगितलं. मॅडमनी यंत्र पडद्याला जोडलं. पडद्यावर रेषाच रेषा उमटल्या.

"या बघा, शरीररचनेच्या. खाली उतरतात, तिनं आठवलं की वर चढतात, परत उतरतात, पण दर वेळी जरा सावकाश. असंच व्हायला हवं. इथं तुम्ही पट्टी लावलीत. यंत्रानं तुमच्या डोक्याच्या मापानं सगळं परत जुळवून घेतलं, म्हणून इथून पुढं गोंधळ." त्यांनी एक रेषा मोठी केली. "आणि ही बघा. ही आईच्या आठवणींची. आधी खाली-वर होत होती. त्या दिवसापासून सपाट आहे, अगदी वरती. खाली येतच नाही. एवढ्या वर्षांत मी अशी रेषा बघितलेली नाही. जे माणूस विसरणारच नाही ते विचारायचं कशाला, म्हणून यंत्र गप्प झालं."

शशिकांत त्या रेषेकडं बघत राहिला. "ती तिची नाही, मॅडम. माझी आहे."

मॅडमनी पडद्यावरची ती रेषा परत लहान केली.

"आणि आधीची?" त्यानं विचारलं. "ती खाली-वर होणारी? म्हणजे यंत्र जेव्हा जेव्हा आईचं विचारायचं..."

"तेव्हा ती विसरायच्या कडेवर असायची. त्याचं कामच ते आहे."

"तिला ठाऊक होतं हे?"

"सगळ्या मुलांना ठाऊक असतं. म्हणून तर तिनं आईचं सांगायला सुरुवात केली असेल. जे जातंय ते यंत्रानं वेळेवर मागावं म्हणून."

ताकात काय घालायची, असं यंत्रानं विचारलं होतं. लसूण, म्हणाली होती पोरगी, आणि मग थांबली होती. त्या थांबण्याचा अर्थ शशिकांतला आता कळला. तो दाराबाहेर हेव्यानं जळत होता तेव्हा आत पोरगी आईला एकेक बोट धरून ओढून परत आणत होती.

"यंत्र कोरं करावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "नव्यानं ओळख करून घ्यायला त्याला वेळ लागतो. परीक्षेआधी व्हायचं नाही."

"मग तिला विचारणार कोण?"

"तुम्ही विचारा."

"मला जमत नाही. मी मध्ये बोलतो."

"आवटी, या यंत्राला बोलायला शिकवणं सोपं होतं. गप्प बसायला शिकवण्यातच आमची वर्षं गेली." त्या जरा हसल्या. "पट्टी नसली तर वेळेचा अंदाज थोडा चुकेल. काल शिकवलेलं परवा विचारा, मग आठवड्यानं. तेवढ्यानंही पुष्कळ होतं. पुस्तक मिटलेलं हवं आणि समोर माहीत नसलेला माणूस हवा."

संध्याकाळी गौतमी आली तेव्हा शशिकांत सुनंदाच्या जागेवर, भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात शेंगांचं सूप होतं.

"कोरी करायला दिली डबी," तो म्हणाला. "माझ्यामुळं झालं." मग म्हणाला, "तू आईला विसरायलीस का गं?"

गौतमी पिशवी खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. "चेहरा आठवतो. आवाज आठवतो. मधलं मधलं जातंय. हाक मारताना ती गौतू म्हणायची का गौतमे म्हणायची, हे मला एक दिवस आठवेचना. तुमच्याकडं यावं वाटलं. पण तुम्ही नावच काढत नाही तिचं."

"तू रडशील म्हणून नाही काढलं."

"मी तुम्ही रडाल म्हणून नाही काढलं."

"बस," शशिकांत म्हणाला. "खांदा सांग मला."

"तुम्ही मध्ये बोलणार."

"नाही बोलणार."

"पप्पा, तुम्ही ब्रेक मारल्याशिवाय राहणार नाही."

शशिकांतनं सुपातले दाणे मूठभर तोंडात घातले आणि खूण केली, सांग.

गौतमीला हसू आवरलं नाही. राग अजून गेलेला नव्हता, तरी ती बसली. तिनं खांद्यापासून सुरुवात केली. कोपराच्या नसेपाशी ती चुकली. तोही धडा शशिकांतनं वाचलेला होता, त्याला बरोबर ते माहीत होतं. त्यानं आणखी दाणे तोंडात घातले. गौतमी पुढं गेली, अडखळली, परत मागं आली. "नाही नाही, थांबा. ती नस पुढनं नाही, मागनं जाते. म्हणून तर कोपर आपटलं की झिणझिण्या येतात." तिनं बापाकडं बघितलं. "तुम्हाला माहीत होतं ना?"

शशिकांतचं तोंड भरलेलं होतं. त्यानं मान हलवली, ती होय अशी की नाही अशी ते कळू दिलं नाही. दाणे गिळून झाल्यावर फक्त एवढंच म्हणाला, "म्हणजे?"

परीक्षेपर्यंत घरातल्या शेंगा दोनदा संपल्या. शशिकांतला ॲसिडिटीचा त्रास सुरू झाला. काही दिवशी तो चुकलाच, मध्ये बोललाच, आणि गौतमी तावातावानं उठून गेली. पण दुसऱ्या दिवशी परत आली. अभ्यास संपला की कधी कधी ती आईचं काहीतरी सांगायची. तो विचारायचा, "मग?"

डबी कॉलेजातनं परत आली होती, कोरी. ती कपाटावर पडून होती. शशिकांत आता तीही पुसायचा.

फेरपरीक्षेच्या दिवशी तो शिकवायची गाडी घेऊन कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. गौतमी बाहेर आली. त्यानं काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "चारही आले पप्पा. तीन मागचे आणि एक पुढचा." मग गाडीच्या उजव्या बाजूला येऊन म्हणाली, "सरका. मी चालवते."

इतकी वर्षं ती त्याच्याकडं गाडी शिकायला नाही म्हणत आली होती. कॉलेजच्या मैत्रिणीच्या गाडीवर शिकली होती, हे त्याला माहीत होतं आणि तेही त्याला सलत होतं. तो डावीकडं सरकला.

गौतमी बरी चालवत होती. जरा जोरात. बाजार चौक गेला, वडापवाल्यानं कट मारला, तिनं सांभाळलं. मारुतीच्या देवळाचा उतार लागला.

"इथंच शिकले मी सायकल," ती म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात ते आहे माझ्या लक्षात. पण मला जे दिसतं ते सांगू? आई मागं होती. तिनंच हात सोडला होता. मला ते पाठीला कळलं होतं, ती सोडते ते."

शशिकांतला तो क्षण लख्ख दिसला. तो कॅरिअर धरून धावत होता. उतार आला होता आणि सोडायची त्याची छाती होत नव्हती. सुनंदा कट्ट्यावरनं उठून पळत आली होती, जांभळी साडी वर खोचून. "सोडा की आता," म्हणाली होती. त्यानं सोडलं नाही, म्हणून तिनं धावता धावता त्याची बोटं एकेक करून कॅरिअरवरनं उचकटली होती. पोरगी एकटी पुढं गेली होती. रस्त्याच्या मधोमध तो धापा टाकत उभा होता आणि सुनंदा हसत होती, त्याचा हात अजून तिच्या हातात होता.

हेच तेवढं त्यानं यंत्राला सांगितलं नव्हतं.

पुढं उतार होता आणि खाली एक म्हैस रस्त्यात उभी होती. गौतमीनं अजून वेग कमी केला नव्हता. शशिकांतचा पाय ब्रेकवर गेला. तिथं तो थांबला. मग त्यानं दोन्ही पाय उचलले आणि सीटखाली मागं ओढून घेतले.

"मग?" तो म्हणाला. "पडलीस का?"

"नाही," गौतमी म्हणाली, आणि तिनं हळूच ब्रेक दाबला.